गच्चीवरचे छप्पर आणि लोखंडाचा हिशेब

भांडुपास, रेल्वेच्या पश्चिमेच्या अंगाला, आमची इमारत उभी आहे. खाली गाड्यांची जागा, वर सहा मजले, चोवीस बिऱ्हाडे, आणि वय चाळिशीच्या घरात. माणसाची चाळिशी डोळ्यांवरून कळते, इमारतीची गच्चीवरून. गेली काही वर्षे सहाव्या मजल्यावरील मंडळी पावसाळ्याचे चार महिने घरात बादल्या मांडून बसत असत. डांबराचे थर झाले, विटांचा कोबा झाला, रसायनांचे लेप झाले. पाणी आपले जेथून यावयाचे तेथून येतच राहिले. अखेरीस दोन वर्षांपूर्वीच्या माघात सभासदांच्या सभेने ठराव केला की, गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे छप्पर घालावे. महापालिकेची परवानगी आणि इंजिनियरचा नकाशा यांवाचून असले काम हातीच घेऊ नये, हे वाचकांस ठाऊक आहेच; त्याविषयी आम्ही येथे लिहीत नाही. आम्हांस लिहावयाचे आहे ते त्यानंतरच्या एका संध्याकाळविषयी, म्हणजे तीन दरपत्रके टेबलावर आली त्या संध्याकाळविषयी.

गच्ची १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद. म्हणजे १६२ चौरस मीटर, अथवा जुन्या मापाने १,७४४ चौरस फूट. पहिल्या गृहस्थांनी चौरस फुटास २६५ रुपये असा दर दिला होता, कर वेगळा. दुसऱ्यांनी आकड्यांचा घोळ न घालता एकच रक्कम लिहिली: सर्व मिळून, करासह, ३ लक्ष ४० हजार. तिसऱ्यांचा कागद सर्वांत लांबलचक. त्यांत लोखंडी कामास किलोमागे १२१ रुपये, पत्र्यास चौरस मीटरमागे ५२० रुपये, पन्हळीचे वेगळे, कराचे वेगळे, आणि शेवटी एक ओळ अशी की, लोखंडाचे बिल प्रत्यक्ष वजनावर होईल. एकूण किती, हे त्या कागदात कोठेच नव्हते.

सभेचा कल कोणीकडे गेला हे सांगावयास नकोच. ज्या कागदावर एकच आकडा आहे, आणि तो सर्वांत लहान आहे, तो कागद सर्वांस आवडतो. तिसऱ्या कागदाविषयी तर एका सभासदांनी स्पष्टच म्हटले, "वजनावर बिल म्हणजे आपण कोरा चेक दिल्यासारखेच. हा मनुष्य वाटेल तितके लोखंड घालील!" आम्हांसही त्या वेळी ते पटले होते, हे कबूल केले पाहिजे.

तेव्हा दुसऱ्या मजल्यावरील बाई बोलल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. तीस वर्षे त्यांनी गणित शिकविले आहे आणि सभेत त्या वर्षातून एकदाच बोलतात. त्या म्हणाल्या, "अहो, सोनाराकडे गेल्यावर तुम्ही काय विचारता? पाटल्यांची जोडी केवढ्याला, असे विचारता का? आधी वजन विचारता, मग कस विचारता, मग घडणावळ आणि घट. मुलीच्या पाटल्यांना जो हिशेब, तो डोक्यावरच्या छपराला नको?"

सभेत हशा झाला. पण निर्णय आठ दिवस पुढे गेला, आणि दरपत्रकांचा अभ्यास करण्यासाठी बाई, तळाच्या मजल्यावरील एक वृद्ध फिटर काका, व आम्ही, अशी तिघांची समिती नेमण्यात आली. त्या आठ दिवसांत आम्ही जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवीत आहो. कारण आज मुंबईच्या उपनगरांत बहुतेक प्रत्येक जुन्या इमारतीच्या गच्चीवर हा प्रश्न उभा आहे, आणि तो सोडविणारी मंडळी आमच्याइतकीच अडाणी असतात.

काकांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. कोकणातून सोळाव्या वर्षी भांडुपास आलेला हा गृहस्थ उभा जन्म कारखान्यात लोखंडाशी झुंजला. भांडुपाचे आणि लोखंडाचे नाते तसे फार जुने आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क हे १८४३ साली भांडुपास आले असता, मुंबईहून ठाणे, कल्याण व पुढे घाटांकडे लोहमार्ग न्यावा ही कल्पना त्यांना प्रथम सुचली, अशी नोंद आहे. आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली गाडी भांडुपाच्या शिवारातूनच गेली. पुढे स्वातंत्र्यानंतर आग्रा रोडच्या दुतर्फा कारखाने आले. गेस्ट कीन विल्यम्स, सीएट, एशियन पेंट्स ही नावे येथील जुन्या लोकांच्या तोंडी अजून पत्त्यासारखी येतात. आता त्या रस्त्यास लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात, भोंगे बंद झाले, आणि पुष्कळशा कारखान्यांच्या जागी चाळीस चाळीस मजल्यांचे मनोरे उठले. पण भोंग्यांवर ज्यांचे आयुष्य गेले ती माणसे अद्याप आमच्यांत आहेत. काकांपाशी त्यांचा जुना व्हर्नियर कॅलिपर आहे. तो त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो, आणि देवघरातील वस्तूइतक्याच सोवळ्याने बाहेर काढतात.

काकांनी पहिला धडा दिला तो असा. लोखंड कोणत्याही आकाराचे असो, त्याचे वजन मोजपट्टीने काढता येते. एक घनमीटर पोलादाचे वजन ७,८५० किलो. म्हणून एक मिलिमीटर जाडीचा, एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. सहा मिलिमीटरचा ४७.१ किलो. गोल सळईस तर त्याहून सोपी युक्ती आहे. व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा, आणि १६२ ने भागावे. जे येईल ते एका मीटरचे किलो. बारा मिलिमीटरची सळई म्हणजे १४४ भागिले १६२, म्हणजे किलोला थोडे कमी, ०.८९. बाईंनी लगेच पेन्सिल घेऊन हा १६२ कोठून आला तेही काढून दाखविले, आणि काका, जे पन्नास वर्षे तो आकडा मंत्रासारखा वापरीत आले होते, ते चकित होऊन पाहत राहिले. अँगल, चॅनेल, गर्डर यांची वजने भारतीय मानक संस्थेच्या कोष्टकांत छापलेली असतात व कोणत्याही लोखंडाच्या दुकानी ती पाहावयास मिळतात. ५० बाय ५० चा अँगल सहा मिलिमीटर जाडीचा असेल तर मीटरला ४.५ किलो, पाचचा असेल तर ३.८, चारचा असेल तर ३ किलो. खालून पाहणाऱ्यास तिन्ही सारखेच दिसतात! या एका वाक्यात लोखंडी कामाच्या स्वस्ताईचे बरेचसे रहस्य सामावले आहे.

मग आम्ही इंजिनियरचा नकाशा पुढे घेऊन मोजणीस बसलो. छपरास सात कैच्या. त्या कैच्यांखाली चौदा खांब. कैच्यांवर आडव्या अँगलांच्या आठ ओळी, ज्यांस कारागीर पर्लिन म्हणतात व ज्यांवर पत्रा बसतो. आठ ओळी गुणिले १८ मीटर म्हणजे १४४ मीटर अँगल. सहा मिलिमीटरच्या हिशेबाने ६४८ किलो. एक कैची ११० किलोची, म्हणून सातांचे ७७०. खांब सरासरी २.७ मीटर उंचीचे, १०० मिलिमीटरच्या चॅनेलचे; मीटरला ९.५६ किलोप्रमाणे चौदांचे ३६१. खांबांच्या तळाशी बसवावयाच्या चौरस बेसप्लेटी, प्रत्येकी २५० मिलिमीटरच्या व दहा जाडीच्या. त्या ६९ किलो. वाऱ्याने सांगाडा कलू नये म्हणून तिरक्या बांधण्या १३० किलो. सांधे जोडणाऱ्या गसेट-पट्ट्या, क्लीट, तुकडेताकडे मिळून १२० किलो. बेरीज २,०९८ किलो. थोडक्यात, दोन टन आणि वर एक क्विंटल.

मोजणीचेही शास्त्र आहे, आणि त्याचे नियम मानक संस्थेने व सरकारी बांधकाम खात्यांनी आखून दिलेले आहेत. गसेटचे कोपरे कापून तिला पाचकोनी आकार दिला, तरी वजन धरावयाचे ते ज्या चौकोनातून ती कापली त्या सबंध चौकोनाचे. बोल्टांसाठी पाडलेल्या भोकांची वजावट करावयाची नाही. वेल्डिंगच्या धातूचे वजन वेगळे मिळवावयाचे नाही. जुन्या रिव्हेटच्या कामात मात्र रिव्हेटांच्या डोक्यांसाठी शेकडा अडीच वाढवीत. या बारीकसारीक गोष्टी करारात आधी लिहिल्या नाहीत तर शेवटी बिलाच्या दिवशी त्यांवरून भांडणे होतात, आणि ती भांडणे पाचसात हजारांची असली तरी चोवीस बिऱ्हाडांचा वर्षाचा सलोखा घालवितात.

वजनाने लोखंडाची ओळख सांगण्याची रीत केवळ व्यापाऱ्यांची नव्हे. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचे नाव निघाले की ७,३०० टन लोखंड हा आकडा येतो. १९४३ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या हावड्याच्या पुलाचे २६,५०० टन, आणि त्यांतील बहुतेक सारे पोलाद टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्याचे, हे आमच्या पिढीने शाळेतच अभिमानाने ऐकले. आमच्या गच्चीचे दोन टन त्यांपुढे धुळीसारखे. पण हिशेबाची रीत तीच.

आता तिसऱ्या कागदाची एकूण रक्कम आम्हांस काढता आली. लोखंड २,०९८ किलो, १२१ ने, २ लक्ष ५३ हजार ८५८ रुपये. पत्रा उतार व झुकाव धरून १८५ चौरस मीटर, त्याचे ९६ हजार २००. पन्हळ व किरकोळ ३० हजार. त्यावर शेकडा अठरा वस्तू व सेवा कर. सारे मिळून ४ लक्ष ४८ हजार ४६८. म्हणजे दुसऱ्या कागदाहून एक लक्ष आठ हजारांनी जास्त. बिऱ्हाडामागे साडेचार हजार रुपये. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरास ही रक्कम लहान नाही, आणि समितीपुढे खरा पेच हाच होता. महाग कागदाची शिफारस करावयाची तर चोवीस घरांस त्याचे कारण पटवून देता आले पाहिजे. हे आकडे त्या वर्षाचे आहेत. लोखंडाचा दर आठवड्यास हलतो, तेव्हा वाचकांनी आकड्यांकडे न पाहता रीतीकडे पाहावे. आमच्या वडिलांच्या काळी मोठ्या कारखान्यांच्या पोलादाचा भाव सरकार ठरवीत असे व मालासाठी परवान्यांची वाट पाहावी लागे; जानेवारी १९९२ मध्ये ते नियंत्रण उठले, आणि तेव्हापासून कळंबोलीच्या बाजारात सकाळी जो भाव फुटेल तो खरा.

यानंतर आम्ही दुसऱ्या गृहस्थांस बोलाविले. ते सभ्य मनुष्य होते आणि काही लपवावे असा त्यांचा हेतू दिसला नाही. आम्ही विचारले नव्हते म्हणून त्यांनी सांगितले नव्हते, इतकेच. विचारल्यावर त्यांनी सर्व मापे लिहून दिली. पर्लिन चार मिलिमीटरचे. खांब चॅनेलचे नव्हेत, तर दोन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पोकळ नळीचे. बेसप्लेट सहा मिलिमीटरची, लहान. तिरक्या बांधण्या नाहीत. पत्रा हलका. रंग म्हणजे रेडऑक्साइडचा एक हात व वर ऑइलपेंटचा एक. काकांनी व बाईंनी त्यांच्या समक्षच वजन काढले. बेरीज १,१९० किलो भरली.

बाईंनी मग उलट हिशेब मांडला. ३ लक्ष ४० हजारांतून कर वजा केला. राहिले २ लक्ष ८८ हजार. त्यांतून त्यांच्याच दराने पत्रा व पन्हळ वजा केली. लोखंडी कामास राहिले १ लक्ष ७८ हजार ५८६. त्यास १,१९० ने भागले, आणि उत्तर आले किलोमागे १५० रुपये.

खोलीत क्षणभर कोणी बोलेना. ज्यास आम्ही सर्वांत स्वस्त समजत होतो तो माल किलोमागे २९ रुपयांनी महाग होता. स्वस्त होते ते काम नव्हे, त्यात लोखंड कमी होते! ते गृहस्थही थोडे ओशाळले, म्हणाले, "साहेब, सभेत शेवटचा आकडाच वाचतात. जास्त लोखंड लिहिले तर काम मिळत नाही." यात त्यांचा दोष किती आणि आमच्यासारख्या सभांचा किती, हे ठरविणे आम्हांस अजून साधलेले नाही.

पहिल्या गृहस्थांच्या चौरस फुटाच्या दराविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. करासह तो ५ लक्ष ४५ हजारांवर जात होता आणि जाडी कशाचीच लिहिलेली नव्हती. चौरस फुटाचा दर हा घराच्या जागेस ठीक. लोखंडास तो लावणे म्हणजे पातळाचा भाव घडीवरून ठरविणे होय.

कोणी म्हणेल, कमी लोखंडात जर छप्पर उभे राहत असेल तर जास्त कशास घालावे? शंका रास्त आहे, आणि आम्हीही ती इंजिनियरांस विचारली. त्यांनी उत्तरादाखल वजनाची गोष्ट सोडून वाऱ्याची सांगितली. भारतीय मानकांत मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदास ४४ मीटर धरला आहे. ताशी सुमारे १५८ किलोमीटर. असा वारा रोज वाहत नाही; पण बांधणाऱ्याने तो धरून चालले पाहिजे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलोइतका होतो. उंची, आकार, आडोसा यांवरून इंजिनियर तो कमीजास्त करतात. आपण अंदाजापुरता एवढाच घेऊ. चारी बाजूंनी उघड्या छपराखाली वारा शिरला की तो छपरास खाली दाबीत नाही, वर उचलतो. १६२ चौरस मीटरवर ही उचल झाली १९ टनांची. आमचे जड छप्पर पत्र्यासकट तीन टनांच्या आत. मग उरलेले सोळा टन कोण धरून ठेवणार? चौदा खांबांच्या तळाचे बोल्ट. प्रत्येक खांबास एक टनाहून अधिक जोराने कोणी वर ओढीत आहे, अशी कल्पना करावी. छप्पर आपल्या वजनाने पडेल ही आपली नेहमीची भीती. खरी भीती ते उडेल ही आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा ज्यांची घरे तिकडे आहेत त्या आमच्या इमारतीतील कित्येकांनी हे पाहिले. कैच्या जागेवर राहिल्या व पत्रे शेजारच्या वाडीत गेले. कोठे कोठे कैच्यांसकट गेले. आणि १३ मे २०२४ रोजी आमच्यापासून काही स्टेशनांवर, घाटकोपरास, जे झाले ते तर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. चाळीस फुटांपलीकडे जावयाचे नाही अशी मर्यादा असता १२० फूट लांबीरुंदीची जाहिरातीची फळी उभी केलेली होती. अवकाळी वाऱ्यात ती पेट्रोलपंपावर कोसळली आणि सतरा जीव गेले. वरच्याच हिशेबाने त्या फळीवर पूर्ण वेगाच्या वाऱ्याचा रेटा दीडशे टनांहून अधिक होतो. आणि असला रेटा अखेर पोचतो तो पायाशी. नवव्या इयत्तेतील मुलास करता येईल असे हे गणित आहे.

म्हणून इंजिनियरांनी आमच्या नकाशात चार गोष्टींवर लाल खूण केली होती. खांब वाटेल तेथे न रोवता इमारतीच्या स्वतःच्या खांबांच्या किंवा तुळयांच्या माथ्यावर यावेत. नुसत्या स्लॅबवर नव्हेत. प्रत्येक बेसप्लेटीस चार अँकर बोल्ट असावेत. प्लेटीखाली काँक्रीटचा लहान ओटा करावा, म्हणजे बोल्टांच्या भोकांतून पुन्हा पाणी झिरपणार नाही; नाही तर ज्यासाठी हा खटाटोप तेच पाणी नव्या वाटेने घरात यावयाचे. आणि पत्र्याचे स्क्रू वायसरसकट, कडेच्या ओळीस दुप्पट. दुसऱ्या दरपत्रकात प्रत्येक खांबास दोनच बोल्ट होते.

आता घडणावळ. तिसऱ्या गृहस्थांस आम्ही त्यांचे १२१ रुपये फोडून मागितले. त्यांनी आढेवेढे न घेता दिले: लोखंड ६६, तूट २, कापणे-जोडणे-वेल्डिंग २२, रंग ९, वाहतूक व गच्चीवर चढविणे ९, नफा व किरकोळ १३. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची पुढे घेऊन आम्ही ते ताडून पाहिले. अवाजवी असे काही दिसले नाही. तूट म्हणजे सोनाराची घट. बाजारात चॅनेल सहा मीटरच्या लांबीत मिळाले. आमचे खांब २.७ मीटरचे, एका नगात दोन खांब निघून साठ सेंटिमीटरचा तुकडा उरावयाचा. चौदा खांबांस सात नग, सात तुकडे, एकूण चाळीस किलो लोखंड. ते फुकट जाऊ नये म्हणून काकांनी सुचविले की, हेच तुकडे क्लीटांसाठी वापरावेत. त्या गृहस्थांनी ते मान्य केले, आणि मान्य करताना काकांकडे ज्या आदराने पाहिले तो पाहण्यासारखा होता.

चढविण्याचे ९ रुपये ऐकून प्रथम आम्हांस हसू आले. लिफ्टमधून लोखंड जात नाही. कैची दोन तुकड्यांत करून दोरखंड व कप्पीने सात मजल्यांइतके उंच ओढावी लागते, खाली रस्ता अडवावा लागतो, कामगारांचा विमा उतरावा लागतो, उंचीवर पट्ट्यांवाचून कोणास चढू देऊन चालत नाही. जेथे हा खर्च लिहिलेला नाही तेथे तो कोणाच्या तरी जिवावर उधार ठेवलेला असतो. वेल्डिंग शक्य तितके कारखान्यातच व्हावे, आणि गच्चीवर नुसते बोल्ट आवळावेत, हाही काकांचा आग्रह. मुंबईस याचे उदाहरण दीडशे वर्षांहून जुने आहे: काळ्या घोड्याजवळील वॉटसन हॉटेलच्या इमारतीचा लोखंडी सांगाडा १८६० नंतरच्या वर्षांत इंग्लंडात घडवून जहाजाने येथे आणला आणि जागेवर जोडला. आमचा सांगाडा भांडुपाच्याच एका गल्लीतून हातगाडीने आला, एवढाच फरक.

रंगाविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण अंदाजपत्रकात सर्वांत आधी कात्री लागते ती रंगास. भांडुपाच्या पूर्वेस मिठागरे आणि ठाण्याची खाडी. ओहोटीच्या वेळी वारा तिकडून आला की खिडकीच्या गजांवर बोट फिरवून जिभेस लावले तरी खारटपणा कळतो. अशा हवेत उघडे लोखंड टिकत नाही. आता गंमत पाहा. रंग पृष्ठभागास लागतो, वजनास नव्हे. सहा मिलिमीटर जाडीचे एक टन लोखंड घेतले तर त्याच्या दोन्ही अंगांचा पृष्ठभाग सुमारे साडेबेचाळीस चौरस मीटर. तेच चारचे घेतले तर जवळजवळ चौसष्ट. म्हणजे लोखंड जितके पातळ तितका टनामागे रंग अधिक लागतो, आणि ज्या कंत्राटात लोखंड पातळ असते त्याच कंत्राटात रंगही कमी असतो. दोन मिलिमीटरच्या पोकळ नळीची तर आणखी एक तऱ्हा आहे: तिचा जितका पृष्ठभाग बाहेर तितकाच आत, आणि आत ब्रश जात नाही. तोंडे नीट बंद केली नाहीत तर आतून गंज धरतो. सहा मिलिमीटरमधून एक गंजाने खाल्ला तरी पाच राहतात. दोनमधून एक गेला की अर्धे बळ गेले. पॅरिसची मंडळी आपला आयफेल मनोरा सुमारे दर सात वर्षांनी रंगवितात व त्यास दर खेपेस साठेक टन रंग लागतो. ती हौस म्हणून नव्हे.

पत्र्याच्या बाबतीत एकच सावधगिरी सांगतो. 'अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा' असे लिहिले म्हणजे ती जाडी जस्त व रंगाच्या थरासकट की निव्वळ पोलादाची, हे विचारावे. दोहोंत पाच शतांश मिलिमीटरांचा फरक पडतो. ऐकावयास काहीच नाही, पण पोलादाचा तो दहावा हिस्सा होय.

आठ दिवसांनी पुन्हा सभा झाली. बाईंनी फळ्यावर केवळ दोन ओळी लिहिल्या: एकीत तिन्ही कागदांतील लोखंडाचे वजन, दुसरीत किलोचा दर. पहिल्या कागदाच्या खाली त्यांनी प्रश्नचिन्ह काढले. चर्चा फार झाली नाही. सहाव्या मजल्यावरील एका वृद्ध मातोश्रींनी मात्र विचारले, "वजनावर बिल आहे, मग त्याने जास्त घातले तर?" प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्यासाठीच करारात एक कलम घालण्यात आले: नकाशावरून कोष्टकाने येणारे वजन व काट्यावरचे वजन यांत जे कमी, त्याचे पैसे, आणि काट्यावरील वजन कोष्टकाहून शेकडा अडीचपेक्षा खाली आले तर माल परत. अडीच ही सूट अशासाठी की, गिरणीत लाटलेले लोखंड कोष्टकाबरहुकूम कधीच येत नाही. थोडे इकडे, थोडे तिकडे, हे मानकांनीही गृहीत धरलेले आहे. बारीक सळ्यांत तर आठ-दहा मिलिमीटरला शेकडा सातपर्यंत मुभा आहे. घर बांधणाऱ्यांनी सळ्या घेताना हे ध्यानात ठेवावे. पाच टन मालात सात टक्के म्हणजे साडेतीन क्विंटल होतात.

चैत्रात माल आला. रंगापूर्वी तो काट्यावर चढविला. काका पहाटे आंघोळ करून, कॅलिपर खिशात घालून, काट्यापाशी उभे होते. पर्लिनांतील दर दहावा अँगल त्यांनी मोजला. दोन नग पाचांचे निघाले ते त्यांनी खडूने फुली मारून बाजूस ठेवविले, आणि दुपारपर्यंत त्यांच्या बदली सहाचे आले. काट्याने २,१४० किलो दाखविले. कोष्टकाने २,०९८. बेचाळीस किलोचे ५,०८२ रुपये कराराप्रमाणे द्यावयाचे नव्हते, आणि आम्ही दिले नाहीत. कंत्राटदार हसून म्हणाले, "आजोबांसारखा माणूस पुढच्या कामाला माझ्याकडे पाठवा, मग हे बेचाळीस किलो तुम्हांला आहेर." काकांनी उत्तर दिले नाही, ते बेसप्लेटीची जाडी पाहत होते.

मृग लागण्यास चार दिवस असता शेवटचा पत्रा बसला. त्या पावसाळ्यात सहाव्या मजल्यावर बादली मांडावी लागली नाही. मात्र पन्हळीचे एक तोंड जिन्यावर गळत होते, ते आश्विनात दुरुस्त करून घेतले. अँकर बोल्ट दरवर्षी वैशाखात आवळून पाहावयाचे आणि खाडीकडील चार खांबांस रंगाचा हात फिरवावयाचा, असे ठरले आहे. यंदाचे ते काम काकांनी बाईंच्या नातवाकडून करून घेतले. पाना त्याच्या हातात आणि कॅलिपर अर्थातच काकांच्या.